सर्वांत सुरक्षित जोडणी

"पण हे धूड ओढणार कोण?" असं बायकोने विचारलं, तेव्हा ते धूड आमच्या दारात येऊन उभं राहिलेलं होतं. प्रश्न योग्य होता, वेळ तेवढी चुकली होती. विकत घेण्याआधी विचारला असता तर मी त्याला शहाणपणाचा प्रश्न म्हटलं असतं. आता तो टोमणा झाला.

मी म्हणालो, "आपली गाडी ओढेल की."

तिने आमच्या गाडीकडे पाहिलं, मग त्या ट्रेलरकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की माणूस बायकोच्या बोलण्याला घाबरेनासा होतो आणि तिच्या न बोलता आत जाण्याला घाबरू लागतो. खरं तर ती रोज शाळेची व्हॅन चालवते, त्यामुळे या विषयातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. पण घरच्या माणसाचा सल्ला हा सल्ला समजला जात नाही. त्यासाठी बाहेरचं माणूस लागतं.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, टेबल, कपाट, आणि ज्यात शिरायचं की वळायचं हे आधीच ठरवावं लागतं असा एक संडास. एका निवृत्त दंतवैद्याने तो विकायला काढला होता. मी घेतला तो हौसेने नव्हे. आईच्या पाठीचं दुखणं असं आहे, की तासभर बसली की तिला तेवढाच वेळ सपाट आडवं व्हावं लागतं. आणि तिला तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, भेटायचं होतं. मावशी राहते घाटापलीकडे, तळ्याकाठच्या गावात, आणि तीही हल्ली घराबाहेर पडत नाही. दोघी रोज फोनवर भांडतात. फोन ठेवताना आई न चुकता म्हणते, "समोर असतीस म्हणजे सांगितलं असतं तुला." हे वर्षानुवर्षं चाललं आहे. या उन्हाळ्यात मात्र एकदा फोन ठेवल्यावर ती आपल्याशीच म्हणाली, "आता समोर कधी येणार कोण जाणे," आणि भाजी निवडत बसली. मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही.

बसमध्ये आडवं होता येत नाही. रेल्वे तिकडे जात नाही. रुग्णवाहिकेतून जायला आईने साफ नकार दिला. म्हणाली, "दारात रुग्णवाहिका उभी राहिली तर ती बघूनच मी जायची. नकोच ते." तेव्हा तासभर गाडीत बसायचं, मग कुठेतरी थांबून ट्रेलरमध्ये पाठ टेकायची, असं करत करत आईला मावशीच्या दारात नेऊन उभं करायचं, असा माझा बेत होता. यात अवघड काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमच्या गल्लीत कुणी नवीन कुकर आणला तरी चार माणसं शिट्टी ऐकायला येतात. इथे तर अख्खं घर आलं होतं. सगळ्यांत आधी आले समोरचे काका. त्यांना सगळे दोरीवाले काका म्हणतात, कारण जगातल्या कोणत्याही संकटावर त्यांच्याकडे दोरी असते. त्यांनी ट्रेलरला एक थाप मारली आणि म्हणाले, "हूक-बीक काही लागत नाही. चांगला जाड दोर आणा, दुहेरी करा. गाठ मात्र मला मारू द्या."

"आणि उतारावर ट्रेलर मागून अंगावर आला तर?" मी विचारलं.

काकांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग मागूनही एक बांधू," ते म्हणाले. ती मागची दोरी कशाला बांधायची, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण त्यांनी घरी जाऊन खरंच दोरी आणली असती.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आत डोकावून पडदे बदलायला सांगितलं. त्यांच्या मते निम्मे अपघात डोळ्यांना त्रास देणाऱ्या रंगांमुळे होतात. मी विमा कचेरीत अपघातांच्या दाव्यांच्या फायली पाहतो. इतक्या वर्षांत पडद्यामुळे झालेला अपघात माझ्या टेबलावर आलेला नाही, पण हूक सुटल्यामुळे झालेले बरेच आले आहेत. त्यांचे फोटोही येतात. त्यामुळे मी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं, की जोडणी घ्यायची ती बाजारातली सर्वांत सुरक्षित. माझ्या आईचा फोटो कुठल्याही कचेरीच्या कुठल्याही फायलीत लागता कामा नये.

हे ठरलं आणि तेवढ्यात मेहुणा आला. माझा मेहुणा सगळं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून घेतो आणि असं सांगतो, की जणू आयुष्यभर त्याने हेच केलं. मागच्या महिन्यात तो मधमाश्या पाळत होता. "दाजी, अगदी साधं आहे," तो म्हणाला. "गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, ट्रेलरच्या पुढे वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवायची, खटका लावायचा, निघायचं." त्याच्या एका मित्राची होडी होती. ती ओढायचा हूक आणि गोळा त्याने आणला आणि स्वतः बसवून दिला. वाटी गोळ्यावर छान बसली, खटका टक्कन लागला. आम्ही गल्लीच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे रस्त्याचा एक छोटासा उंचवटा आहे. गाडी त्यावरून गेली आणि ट्रेलर अलीकडेच राहिला.

होडीचा गोळा लहान होता, एवढंच. खटका लागला म्हणजे गोळा वाटीच्या मापाचा असतोच असं नाही, ही गोष्ट व्हिडिओत नव्हती. ट्रेलर फाटकात आडवा अडकला. गल्लीतल्या सगळ्यांना कामावर जायला त्या दिवशी उशीर झाला, आणि सगळ्यांनी आपापल्या कचेरीत कारण म्हणून माझं नाव सांगितलं.

मग मापाचा गोळा आणला. आता ट्रेलर सुटला नाही, पण त्याच्या नाकाचा भार असा पडला, की गाडीचं बूड खाली गेलं आणि तोंड वर आलं. नाक आभाळात धरून चालणारी माणसं मी कचेरीत रोज पाहतो, गाडी प्रथमच पाहिली. संध्याकाळी दिवे लावून पाहिले तर उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी थेट वहिनींच्या स्वयंपाकघरात गेला. वहिनींनी खिडकीतून विचारलं, "काही हवंय का?" आणि स्टिअरिंग इतकं हलकं झालं, की ते फिरवलं तरी पुढची चाकं त्याची दखल घेईनात.

"नाक जड झालंय," मेहुणा म्हणाला. "सामान मागे टाका, नाक आपोआप उचललं जाईल."

हे मात्र खरं ठरलं. आम्ही पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, गाद्या, सगळं ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेऊन रचलं. काकांनी ते दोरीने बांधलं, त्यांचं समाधान झालं. गाडी सरळ झाली. शाळेच्या रिकाम्या मैदानावर मी ती जरा वेगात घेतली, आणि ट्रेलर मागे शेपूट हलवू लागला. आधी लाडात आल्यासारखा, मग रागाने, आणि मग गाडीलाच इकडून तिकडे फेकू लागला. मी ब्रेक दाबला तसा तो आणखी चेकाळला. अखेर वेग आपोआप उतरला तेव्हा आम्ही मैदानाच्या कडेच्या झाडाजवळ होतो. झाडाला काही झालं नव्हतं. मेहुणा म्हणाला, "थोडंसं मधे सरकवलं तर..." मी गाडीतून उतरून टायर तपासत बसलो. आई आत असती तर, एवढंच सारखं डोक्यात येत होतं.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, व्हॅनमध्ये पोरं मागे गर्दी करतात ना, तेव्हा व्हॅनही अशीच करते. मी दोघातिघांना उचलून पुढे बसवते." मी म्हणालो, "हा वेगळा विषय आहे."

जोडण्यांच्या दुकानात मात्र तोच विषय निघाला. दुकान एका बाईंचं होतं. त्यांना आपल्या मालाबद्दल अभिमान आणि गिऱ्हाइकांबद्दल कीव होती, आणि दोन्ही त्या लपवत नसत. "ट्रेलरच्या वजनाचा दहावा-आठवा हिस्सा नाकावर पडलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "कमी पडला तर शेपूट हलवतो. पुरेसा पडला तर तुमची गाडी बूड टेकते. दोन्ही चालायचं नसेल तर ही घ्या." त्यांनी काउंटरवर एक लोखंडी प्रकरण आदळलं. जाड गोळा, त्याच्या दोन बाजूंना स्प्रिंगच्या दोन लांब दांड्या, शिवाय डुलणं रोखणारी एक वेगळी घट्ट पट्टी. या दांड्या बूड उचलतात आणि नाकाचा भार पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांवर वाटून देतात. त्याच्याखाली दोन साखळ्या, त्याही एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे सगळंच निखळलं तर नाक जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. आणि त्याउपर एक तार, ट्रेलर सुटलाच तर त्याचे त्याचे ब्रेक लावणारी.

"याहून सुरक्षित काही आहे?" मी विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "घरी बसणं."

मी ती जोडणी घेतली. उचलायला मला आणि मेहुण्याला मिळून जमेना, तेव्हा बाईंनी दुकानातली हातगाडी दिली. बसवल्यानंतर ती गाडीच्या मागे अशी बाहेर आली, की गल्लीतल्या प्रत्येकाच्या नडगीला तिची एकदा तरी ओळख झाली. काकांच्या नडगीला दोनदा झाली, पण त्यांनी दोन्ही वेळा चूक माझी नसून दोरी न वापरल्याची आहे, असं मोठ्या मनाने सांगितलं. वहिनींनी खाली लोंबणाऱ्या साखळ्या पाहून "चांगल्या घरच्या गाडीला शोभत नाही" असा शेरा मारला. मी सर्वांकडे दुर्लक्ष केलं. मैदानावर पुन्हा चाचणी घेतली. या वेळी ट्रेलर असा गुमान मागे आला, की मी मागे वळून तो आहे ना हे बघितलं. मग संध्याकाळी टेबलाशी बसून मी सगळा हिशोब मांडला. ट्रेलर, पाणी, गाद्या, भांडी, आईची औषधं, अगदी चहा-साखरसुद्धा. सगळं गाडीच्या भाराच्या मर्यादेत बसत होतं. मी आईला जाऊन सांगितलं, "पुढच्या आठवड्यात निघायचं." आईने लगेच मावशीला फोन लावला आणि दोघी आनंदाने भांडल्या.

पण अशी जोडणी रस्त्यावर आणायची तर वाहन तपासणी कचेरीचा शिक्का लागतो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ट्रेलर जोडून गाडी आणा, तपासून शिक्का देऊ."

"म्हणजे जोडून चालवत आणू?"

"छे! शिक्का नसताना जोडून रस्त्यावर आलात तर दंड होईल."

"मग जोडून आणायची कशी?"

"ते आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खेद होता हे मी नाकारणार नाही.

अखेर गॅरेजच्या ट्रकवाल्याला बोलावलं. त्याच्या ट्रकला काहीही ओढायचा परवाना होता. त्याने ट्रेलर एका साध्या हुकाला अडकवला, साखळ्या खिडकीतून आत टाकल्या आणि निघाला. तो ट्रेलर भर बाजारातून डुलत, वाकत, दुकानांच्या पाट्यांना ओझरते नमस्कार करत कचेरीत पोचला. फाटकावरच्या शिपायाने ट्रकवाल्याला सलाम ठोकला. मागून सर्वांत सुरक्षित जोडणी मोकळी घेऊन मी आलो. माझ्या गाडीला त्याने थांबवलं आणि विचारलं, "हे मागे काय निघालंय?"

सगळं घर बरोबर आलं होतं. आई, बायको, मेहुणा, आणि सकाळी दुसरं काही काम नसल्यामुळे काका. आम्ही अंगणात ट्रेलर जोडला. तपासनीस शांत, जरा दमलेला माणूस होता. त्याने वाकून दांड्या पाहिल्या, साखळ्यांची फुली पाहिली, तार ओढून पाहिली. "सुरेख," तो म्हणाला. मी मेहुण्याकडे पाहिलं. मग तपासनीसाने गाडी पुढे घेऊन वजनकाट्यावर उभी करायला सांगितलं. "प्रवासाला जाताना कोण कोण असणार?"

"मी, आई आणि ही."

"बसा मग तिघं."

आम्ही बसलो. तपासनीसाने आकडा पाहिला, माझा हिशोब पाहिला, आणि पुन्हा आकडा पाहिला. "यात चहा-साखर आहे," तो म्हणाला. "माणसं कुठे आहेत?"

"माणसं?"

"गाडीत बसणारी."

आता यावर काय सांगणार! आमच्या घरात आजवर कुणी कुणाचं वजन विचारलेलं नाही. आणि सामानाचं ओझं मोजताना त्यात आईला धरायचं? "अहो, ती घरची माणसं आहेत," मी म्हणालो. "ती ओझ्यात कशी धरणार?"

"मला नाही धरावी लागत," तपासनीस म्हणाला, "काटाच धरतो." त्याने समजावून सांगितलं. दांड्या भार वाटून देतात, कमी करत नाहीत. नाकाचा भार गाडीच्याच माथी. शिवाय ही जोडणी स्वतःच एखाद्या लहानखुऱ्या माणसाएवढी जड. साधा हूक असता तर कदाचित बसलं असतं. "पण साध्या हुकाला मी शिक्का देणार नाही," तो म्हणाला.

मग सामान काढणं सुरू झालं. गाडीतून हत्यारांची पेटी काढली, जादा चाक काढायला मात्र तपासनीसाने मनाई केली. काकांच्या दोरीचं भेंडोळं निघालं, ते गाडीत कधी आलं हे मला माहीत नव्हतं. ट्रेलरच्या पुढच्या कपाटातून भांडी काढली. मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला, "जरा मागे सरकवलं तर..." आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो काकांच्या मागे जाऊन उभा राहिला. आकडा उतरला, पण पुरेसा नाही.

"कुणीतरी उतरा," तपासनीस म्हणाला.

बायको उतरली. त्याने आकडा पाहून नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा बसली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. भरलेल्या दिवाणखान्यात जास्तीचा ठरलेल्या पाहुण्याला कसं वाटतं ते मला त्या क्षणी कळलं. मी उतरलो. काट्याचा आकडा सरसर खाली आला आणि बाजूचा हिरवा दिवा लागला.

"उत्तम," तपासनीस म्हणाला. "इतकी व्यवस्थित जोडणी मी क्वचितच पाहतो. चालक कोण?"

बायको सरकून चालकाच्या जागी बसली. तिने सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. खरं सांगतो, मला उतरवलं त्यापेक्षा तो आरसा मला जास्त लागला. मी म्हणालो, आपण दुसरा काहीतरी मार्ग काढू, मोठी गाडी बघू, पुढच्या महिन्यात...

"अरे," आई खिडकीतून म्हणाली, "तू नेलंस काय नि हिने नेलं काय. मला पोचायचंय. पुढच्या महिन्याचं कुणी सांगितलंय?"

तपासनीसाने शिक्का मारला.

मी बसने निघालो. घाट सुरू झाला आणि बसच्या पुढच्या काचेतून मला आमचा ट्रेलर दिसला. वळणं येत होती, समोरून ट्रक येत होते, वारा झोडपत होता, आणि तो मात्र रेघ आखल्यासारखा चालला होता. शेजारच्या गृहस्थांनी मला कोपराने ढोसलं. "बघा हो, काय सरळ चाललंय! ज्यानं कुणी ही जोडणी केली ना, मानलं त्याला."

"ती मीच केली," मी म्हणालो. "आमचाच आहे तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, आणि पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली. मग घाटमाथ्यावर ट्रेलर विसाव्याला कडेला थांबला आणि आमची बस पुढे निघून गेली. बायको पायरीवर बसून थर्मासमधला चहा पीत होती. आत पडद्याआड आई आडवी असणार. मी हात हलवला, पण बायकोने पाहिलं नाही. ती दरीकडे बघत होती आणि कधी नव्हे ती निवांत दिसत होती.

बस लवकर पोचली तरी स्टँडपासून मावशीचं घर लांब आहे. मी चालत गेलो तोवर ट्रेलर दारात लागला होता. आत पलंगावर आई पडली होती आणि तिच्या उशाशी मावशी बसली होती. दोघींचं भांडण सुरू नव्हतं. एकीचा हात दुसरीच्या हातात होता, आणि दोघी दोन वेगळ्या दिशांना बघत होत्या.

"हा कोण? तुझा मुलगा का गं?" मावशीने डोळे बारीक करून विचारलं. "हा आणणार होता ना तुला?"

"हो," आई म्हणाली. "हा गाडीत नव्हता, म्हणून सुखरूप पोचले."

हे शब्दशः खरं होतं. मी मावशीकडे पाहत राहिलो. फोनवर तिचा आवाज पूर्वीएवढाच मोठा यायचा, त्यामुळे आम्हा कुणाला कल्पना नव्हती. मावशी पार वाळून गेली होती. खांद्यावरचे कपडे खुंटीवर टांगल्यासारखे दिसत होते. आई तिच्या मनगटावरून अंगठा फिरवत होती, पुन्हा पुन्हा, मापल्यासारखा.

"हिला इथे एकटीला ठेवायची नाही," आई म्हणाली. "परत जाताना ही आपल्याबरोबर येतेय."

"मी कुठं येते म्हटलं?" मावशी म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी?"

आणि भांडण सुरू झालं. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने मावशीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तीही मनात तेच गणित करत होती हे मला कळलं. काट्याची गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच क्षणी हायसंही वाटलं. काट्याने त्या दिवशी थोडी जागा शिल्लक ठेवली होती, तेवढ्यात मावशी बसत होती.

मी उठलो आणि स्टँडवर जाऊन परतीच्या बसचं एक तिकीट काढून आलो.